सुंदराबाईची विणलेली मोटार

अमरावतीच्या बुधवाऱ्यात सुंदराबाईचं घर कोणाला विचारावं लागत नाही. ज्या भिंतीला धारणीकडून आलेले हिरवे बांबू टेकलेले असतात आणि ज्या ओट्यावर एक ठेंगणी, जाडजूड बाई पायाच्या अंगठ्याखाली बांबूची कामटी दाबून विणत बसलेली असते, ते तिचं घर. लग्नसराईत सुपं आणि दुरड्या, उन्हाळ्यात आंब्याच्या टोपल्या, महालक्ष्म्यांच्या आधी परड्या. बुरूडकाम तिच्या माहेरीही होतं आणि सासरीही. विणताना ती हाताकडे पाहत नाही. गल्लीतून कोण गेलं, कोणाच्या पिशवीतून कोणती भाजी डोकावत होती, कोणाची सून माहेराहून परत आली, हे सगळं टिपता टिपता तिचं सूप काठापर्यंत आलेलं असतं.

बांबू चिरायचं काम तिच्या नवऱ्याचं, पुंजाजीचं. पुंजाजी हा गल्लीतला सगळ्यात सावकाश माणूस. सावकाश बोलणार, सावकाश जेवणार, कोणी हाक मारली तर आधी कोयता खाली ठेवणार, मग धोतराला हात पुसणार आणि मग मान वळवणार. तोवर हाक मारणारा पुढच्या चौकात पोचलेला असतो. तरुणपणी मेव्हण्यानं त्याला मोपेड शिकवायचा घाट घातला होता. पुंजाजी ती इतकी हळू चालवायचा की दर वेळी ती आडवी व्हायची. चार-पाच वेळा ढोपरं फुटल्यावर त्यानं मोपेड मेव्हण्याच्या हवाली केली आणि त्यानंतर कुठल्याही वाहनाच्या नादी लागला नाही.

एका दसऱ्याला बडनेरा रोडवर गाड्यांचं मोठं दुकान उघडणार होतं. पाहुण्यांना फळं द्यायला टोपल्या हव्या होत्या, त्या सुंदराबाईला सांगितल्या होत्या. ऑटोत टोपल्या रचून ती स्वतःच पोचवायला गेली. आत झेंडूच्या माळा लागत होत्या, फरशी पुसली जात होती, आणि मधोमध एक लाल स्पोर्ट्स कार उभी होती. उद्घाटनापुरती ती नागपूरहून आणली होती.

सुंदराबाईनं टोपल्या उतरवल्या आणि त्या गाडीसमोर उभी राहिली ती राहिलीच. तिला चकाकी दिसत नव्हती. तिला दिसत होतं की गाडी पुढून जमिनीला टेकलेली आहे आणि मागं अलगद उचललेली आहे, बाजू आत दाबून पुन्हा बाहेर काढल्या आहेत, आणि काठ एकसारखा फिरत गेला आहे. असा काठ ती रोज वळवत होती.

"हे तं पालथं सूप आहे," ती स्वतःशीच म्हणाली.

मग तिनं पदर खोचला आणि वितीनं गाडी मोजायला सुरुवात केली. नाकापासून शेपटीपर्यंत एकदा, रुंदीत एकदा. गळ्यात टाय बांधलेला एक तरुण विक्रेता धावत आला.

"काकू, काय करून राहिल्या?"

"मोजून राहिली."

"घ्यायची आहे का?" त्यानं हसत विचारलं.

"नाही, बापू. विनाची आहे."

तो पोरगा आधी हसला, मग थांबला, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, त्यानं गाडीचं दार उघडून दिलं. दार बाजूला न जाता पाखराच्या पंखासारखं वर गेलं. सुंदराबाईच्या हाताची वीत तशीच हवेत राहिली. "बसा, काकू," तो म्हणाला. ती बसली. बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की या गाडीत माणूस खुर्चीवर बसल्यासारखा बसतच नाही. पाय पुढं लांब करून बसतो, ती ओट्यावर कामाला बसते तसा.

घरी आल्यावर तिनं चुलीतला कोळसा घेतला आणि अंगणातल्या फरशीवर गाडी काढली. पुंजाजी बांबू चिरत होता. त्यानं कोयता ठेवला, हात पुसले आणि येऊन बराच वेळ पाहिलं.

"काय आहे व?"

"गाडी."

"कोनाची?"

"आपली."

पुंजाजीनं आणखी थोडा वेळ पाहिलं. "चाकं?"

"थे शफीभाऊ पाहीन."

शफीचं सायकलचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. साठी ओलांडलेला, काटक, बोलायला लागला की समोरच्याचा चहा थंड करणारा माणूस. शहरात सायकलरिक्षा होत्या तेव्हा अर्ध्या अमरावतीच्या रिक्षा त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. आता बॅटरीवाल्या रिक्षा आल्या, आणि त्याच्या दुकानामागच्या टिनाखाली जुने सांगाडे, साखळ्या आणि चाकं टांगलेली होती.

"भाभी, इंजिन कोठून आनू मी?" त्यानं विचारलं.

"इंजिन नाही लागत. पायडल लावा."

"पायडल लावल्यावर थे स्पोर्ट कार कायची?"

"दिसाले."

शफी मोठ्यानं हसला आणि त्यानं हे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळी मात्र मोजायचा टेप घेऊन तो तिच्या अंगणात हजर होता. फरशीवरच्या चित्राभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "दोन जन बाजूबाजूले बसतीन. दोघांचे पायडल वेगळे, साखळी वेगळी. एक थकला तं दुसऱ्यानं मारायचे."

"मंग हे थकतीनच," सुंदराबाई नवऱ्याकडे पाहून म्हणाली. पुंजाजी उठला. त्याला बांबू निवडायचे होते.

काम हाताच्या कामातून वेळ काढून चाललं, त्यामुळे पुढचा पोळा आला तरी सुरूच होतं. शफीनं हलक्या नळ्यांचा चौकोन जोडला, त्याला सायकलची चार चाकं लावली. सुंदराबाईनं त्यावर बांबूच्या फासळ्या बसवल्या आणि विणायला घेतलं. पहिल्या वेळी चूक झाली. गाडी म्हणजे मजबूत हवी, असं धरून तिनं गिट्टी वाहायच्या टोपल्याची जाड वीण घातली. पुंजाजी आणि शफी आत बसले, पायडल मारले, आणि गाडी जागची हलली नाही. शफीनं आणखी जोर लावला तेव्हा साखळी उतरली.

सुंदराबाईनं जन्मात आपली वीण उसवली नव्हती. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतः सुरी घेतली आणि गाडी पार फासळ्यांपर्यंत सोलून काढली. मग पुंजाजीला म्हणाली, "आता सुपाच्या पट्ट्या काढा. उजेड आरपार दिसला पायजे." पुंजाजीनं तशा पट्ट्या काढल्या. इतक्या पातळ पट्ट्या घाई करणाऱ्या माणसाच्या हातून निघतच नाहीत.

या वेळी गाडी उतरली ती पाहण्यासारखी. लग्नाच्या सुपाच्या काठाला लावतात त्याच लाल रंगात तिनं पट्ट्या बुडवल्या होत्या. मधून मधून बांबूचा मूळ पिवळा पट्टा सोडला होता. पुढचे दिवे म्हणजे दोन पालथ्या परड्या. स्टिअरिंग म्हणजे वेताचं कडं. मागं धुराच्या नळ्यांच्या जागी बांबूच्या चार पोकळ नळ्या, आणि त्यांच्यावर आडवा, दोन्ही बाजूंनी बाहेर झेपावणारा पंख. दारांवरून शफीशी वाद झाला. त्याचं म्हणणं, दार हवंच कशाला, वरून पाय टाकून बसता येतं.

"दार वर नाही गेलं तं मी बसत नाही," सुंदराबाई म्हणाली.

शेवटी वेताच्या बिजागऱ्या आणि सुतळीची ओढ लावून दारं वर जायला लागली. वर राहायला मात्र खाली काडी टेकवावी लागत होती.

गाडी पहिल्यांदा गल्लीत निघाली तेव्हा सगळी गल्ली बाहेर आली. पुंजाजी स्टिअरिंगवर, शेजारी सुंदराबाई. दोघांनी पायडल मारले आणि गाडी कुरकुरत पुढं सरकली. शेजारच्या पार्बताबाई देवीच्या देवळात चालल्या होत्या, त्या गाडीच्या पुढं निघून गेल्या. एक कोंबडी समोरून आडवी गेली आणि विचार बदलून परतही आली. स्पोर्ट्स कार तोवर कोपऱ्यावर पोचत होती.

"जमलं," पुंजाजी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुंदराबाईनं लग्नानंतर फारसं न पाहिलेलं काहीतरी होतं. "हे पडत नाही. मले जमते."

तेव्हापासून रविवारी संध्याकाळी नवरा-बायको गाडी काढून राजकमल चौकात गिला वडा खायला जाऊ लागले. मागं मोटारसायकली हॉर्न वाजवायच्या, पुढं गेल्यावर वळून पाहायच्या आणि हॉर्न बंद करायच्या.

असंच एका रविवारी आकांक्षा त्यांना भेटली. आकांक्षा अकोल्याच्या एका चित्रकला विद्यालयात शिकवत होती आणि मावशीकडे अमरावतीला आली होती. तिनं गाडीभोवती बसून, वाकून, खाली डोकं घालून पाहिलं आणि वडा संपायच्या आधी विचारलं, "मावशी, डिसेंबरात आमच्याकडे प्रदर्शन आहे. ही गाडी आणाल का?"

"विकाची नाही."

"विकायची नाहीच. लोकांनी पाहावी म्हणून."

"पाहाले इथं बी लोकं आहेत."

"अकोल्यातले पाहत नाहीत ना पण," आकांक्षा म्हणाली.

हे सुंदराबाईला पटलं. अकोल्याच्या लोकांनी का म्हणून पाहू नये?

ठरल्या दिवशी विद्यालयानं पाठवलेला टेम्पो गल्लीत आला. चौघांनी गाडी उचलली, टेम्पोच्या फाळक्यापर्यंत नेली, आणि तिथं ती अडकली. मागचा पंख टेम्पोपेक्षा वीतभर रुंद होता. तिरपी करून पाहिली, उभी करून पाहिली. ड्रायव्हर भला माणूस होता, पण त्याला दुपारी दुसरं भाडं होतं. तो म्हणाला, "बाई, दोन्ही बाजूनं एवढाएवढा कापून टाका. तिथं गेल्यावर जोडून घ्या."

सुंदराबाईनं पंखावरून हात फिरवला. त्याची वीण एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत अखंड होती. मधे कुठं जोड नव्हता.

"कापाचं नाही," ती म्हणाली. "जा तुमी, दादा."

टेम्पो गेला. शफी डोक्याला हात लावून ओट्यावर बसला. "आता कशी नेता अकोल्याले?"

"पायडल कायले लावले मंग?"

शफीनं पुंजाजीकडे पाहिलं. हा तरी बायकोला समजावेल असं त्याला वाटलं असावं. पुंजाजीनं विचार केला आणि म्हणाला, "आज निघालो तं वेळेवर पोचू."

आकांक्षाला फोन केला तेव्हा तिनं आधी रस्ता कोणता ते विचारलं. मग म्हणाली, "मावशी, हायवे आहे तो. डाव्या बाजूनं या, आणि अंधार पडायच्या आत थांबत जा." तिनं तेवढं दोनदा वदवून घेतलं.

दुपारी ते निघाले. आत नवरा-बायको, मागं आपल्या सायकलवर पान्यांची पेटी बांधलेला शफी, आणि त्याच्या कॅरिअरला लाल कापडाचा झेंडा. मागच्या सीटच्या जागेत भाकरी, ठेचा, पाण्याची कळशी, पट्ट्यांची एक भिजवलेली मोळी आणि पुंजाजीचा कोयता.

बडनेऱ्याच्या अलीकडे एका वाहतूक हवालदारानं हात आडवा केला.

"नंबर कुठं आहे गाडीचा?"

"साहेब, सायकल आहे थे," शफी मागून म्हणाला.

"दिसून तं नाही राहिली."

हवालदार वाकला. खाली सायकलची चार चाकं आणि माणसांचे चार पाय दिसले. तो सरळ झाला. "किती जोरात पळते?"

पुंजाजीनं प्रश्न नीट मनावर घेतला. "मघाशी एक बैलबंडी आमच्या पुढं गेली," तो म्हणाला. "बैल म्हातारे होते."

हवालदारानं हसू दाबलं. मग त्यानं टोपी सरळ केली, काडी टेकवून वर केलेल्या दारात उभं राहून फोटो काढून घेतला आणि मागची वाहतूक थांबवून त्यांना पूल पार करून दिला.

कापसाचे दिवस होते. ओसंडून भरलेले ट्रॅक्टर जिनिंगकडे निघाले होते आणि त्यांच्यातून उडालेला कापूस रस्त्याच्या कडेला, बाभळींच्या काट्यांना, तारांना लटकत होता. तो गाडीच्या विणीतही अडकू लागला. एका ट्रॅक्टरवाल्यानं वेग कमी करून विचारलं, "दोर बांधू का, आजी? ओढत नेतो."

"नाही, रे बापा. ओढत नेली तं गाडी कायची?"

ट्रक गेला की त्याच्या वाऱ्यानं गाडी डोलायची आणि मागच्या पोकळ नळ्यांतून हूं असा आवाज निघायचा. पहिल्यांदा तो आला तेव्हा पुंजाजीनं ब्रेक दाबला. काहीतरी मोडलं असं त्याला वाटलं. खरं कळल्यावर मात्र तो मोठ्या ट्रकची वाट पाहू लागला.

पहिला मुक्काम लोणीत एका देवळाच्या सभामंडपात झाला. पाटलाच्या घरून पिठलं-भात आला. गाव गाडी पाहून गेलं, आणि सगळे जेवत असताना कोणाच्या तरी शेळीनं उजव्या दाराचा खालचा कोपरा चावून टाकला. सुंदराबाईनं सकाळी भिजवलेल्या पट्ट्या काढल्या आणि बाकीच्यांची चूळ भरून होईपर्यंत कोपरा पुन्हा विणला. शेळीच्या मालकिणीनं खाली मान घालून चहा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी मात्र खरं संकट आलं. मूर्तिजापूरच्या अलीकडे एके ठिकाणी रस्त्याचं काम चाललेलं, बाजूनं मातीचा वळणरस्ता काढलेला. पुंजाजी जपून चालवत होता, तरी डावं चाक धुळीनं भरलेल्या खड्ड्यात गेलं आणि कडकन आवाज झाला. गाडीचं नाक खाली बसलं. शफीनं आडवं पडून पाहिलं आणि तोंड पुसत बाहेर आला.

"मधली नळी तडकली. वेल्डिंग लागन. थे मूर्तिजापुरात. आनि अशी गाडी तिथवर जात नाही."

सुंदराबाई जवळच्या लहान पुलाच्या कठड्यावर जाऊन बसली. सकाळपासून तिच्या पोटऱ्या चढल्या होत्या, तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. आता पाय खाली सोडल्यावर घोटे सुजलेले दिसले. समोरून गाड्या जात होत्या, माती उडत होती. वर्षभर जे मनात धरून चालली होती ते सगळं तिला एकाएकी पोरखेळ वाटलं. या वयात आपण हे काय करून राहिलो, लोक आपल्याला पाहून हसले की आपल्या गाडीला, हेही तिला सांगता आलं नसतं.

"टेम्पो बलवा," ती म्हणाली. "पंख कापा. घरी नेऊ."

शफीनं हाताची माती झटकली. त्यानं पुंजाजीसाठी इकडंतिकडं पाहिलं. पुंजाजी जागेवर नव्हता.

रस्त्याच्या पलीकडे संत्र्याचा बगीचा होता. झाडं फळांनी वाकलेली, फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले. थोड्या वेळानं, म्हणजे पुंजाजीच्या थोड्या वेळानं, तो तिथून येताना दिसला. खांद्यावर एक जुना, वाळलेला बांबू आणि मागं बगीच्याचे मालक-मालकीण. पुंजाजीनं बांबू खाली ठेवला, कोयता काढला आणि मातीत बसून चिरायला लागला.

"काय करता?" सुंदराबाईनं विचारलं.

"चिरून राहिलो."

"काहून?"

"तू बांधशीन म्हनून."

त्यानं वरही पाहिलं नाही. एकसारख्या चार फाका काढल्या, गाठी तासल्या आणि तिच्याकडे सरकवल्या. सुंदराबाई बसून राहिली. मग कठड्यावरून उतरली, पदर खोचला आणि भिजलेल्या पट्ट्यांची मोळी सोडली. शफीनं नळी सरळ धरली. मोडलेल्या हाडाला बांधतात तशा चार बाजूंनी चार फाका लावून तिनं वरून पट्ट्या आवळायला सुरुवात केली. एक फेरा उजवीकडून, एक डावीकडून, प्रत्येक फेऱ्याला गुडघा टेकवून ओढ. बगीच्याची मालकीण जवळ बसली आणि पट्ट्यांवर पाणी शिंपडत राहिली. त्या बाईचं नाव शकुन. तिला वीण येत नव्हती, पण ओल्या पट्टीचा ताण कधी सोडायचा नाही हे तिनं पाहून ओळखलं.

"वाळल्यावर आनखी आवळन हे," सुंदराबाई म्हणाली. तिचा आवाज परत जागेवर आला होता.

तासाभरानं शफीनं गाडीच्या नाकावर स्वतःचं सगळं वजन टाकून पाहिलं. मग दोनदा उडीही मारली. "वेल्डिंगवाल्याकडे जायची गरज नाही," तो म्हणाला, आणि शकुनबाईनं ओटीत घालून दिलेल्या संत्र्यांपैकी एक सोलायला घेतलं.

मूर्तिजापुरात शफीची बहीण अकीला राहत होती. तिनं दारातच गाडी पाहिली आणि भावाला आत या असं म्हणायच्या आधी गाडीभोवती फेरी मारली. मग सुंदराबाईचे पाय पाहिले. घंगाळात कढत पाणी, त्यात मीठ, आणि त्यावर "आता एक शब्द बोलू नका, पाय टाका" असा दम. रात्री मोठ्या परातीत मटणाचा खिचडा आला, सुंदराबाई आणि पुंजाजीसाठी वेगळी तुरीची डाळ आणि गरम पोळ्या आल्या. जेवताना अकीलानं हळूच विचारलं, "मी बसू का सकाळी? थोडंसंच."

थोडंसंच म्हणता म्हणता दुसऱ्या दिवशी अकीलानं पुंजाजीला शफीच्या कॅरिअरवर बसवलं आणि स्वतः स्टिअरिंग धरलं. दोघी बाया मूर्तिजापूरच्या बाजारातून लाल गाडी घेऊन निघाल्या. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. अकीलाच्या ओळखीचं निम्मं गाव रस्त्यावर होतं, आणि ती प्रत्येकाला हात करत होती. शफीनं स्टिअरिंगजवळ बसवलेला भोंगा तिनं गरज नसताना वाजवला. गावाबाहेर नाक्यावर ती उतरली तेव्हा तिचा श्वास फुलला होता.

"भाभी, पंचवीस वर्षं झाली मी कायच चालवलं नव्हतं," ती म्हणाली. "सायकल बी नाही."

"मंग परत या," सुंदराबाई म्हणाली. "कुठं जाते गाडी."

काटेपूर्णेचा पूल, कुरणखेड, बोरगाव मंजू असं करत ते पुढं सरकले. मुक्काम झाला, ढाब्यावरचे चहा झाले. अकोल्याच्या वेशीवर आकांक्षा आणि तिचे विद्यार्थी उभे होते. गाडी दिसली तेव्हा सगळे पुढं आले. लाल विणीतून जागोजागी पांढरा कापूस फुललेला, पुढच्या परड्यांवर धूळ, आणि मधल्या नळीवर पिवळ्या पट्ट्यांची जाड पट्टी. आकांक्षानं गाडीच्या नाकावर हात ठेवला आणि डोळे पुसले.

"आता धुवून घेऊ का, मावशी? कापूस काढायचा?"

सुंदराबाईनं गाडीकडे पाहिलं. "राहू द्या," ती म्हणाली. "बरा दिसते."

प्रदर्शनात गाडी मोठ्या दालनाच्या मधोमध ठेवली होती. पहिल्या दिवशी लोकांनी चारी बाजूंनी पाहिली. दुपारी तेल्हाऱ्याहून गोदाबाई नावाची एक म्हातारी नातीबरोबर आली. शेतात कापूस वेचणारी, कंबरेतून वाकलेली. तिनं विणीतला कापूस बोटानं चाचपला आणि विचारलं, "यात बसाले चालते का?"

दालनातले लोक आकांक्षाकडे पाहू लागले. सुंदराबाईनं दार वर केलं, काडी टेकवली आणि गोदाबाईला हात देऊन बसवलं. पुंजाजी पलीकडून बसला. गाडी दालनातून बाहेर निघाली आणि मैदानाला एक फेरी मारून परत आली. गोदाबाई उतरेना. तिनं दुसरी फेरी मागितली. तिसऱ्या फेरीला ती स्वतः पाय हलवत होती. त्यानंतर रांग लागली ती प्रदर्शन संपेपर्यंत. गाडी दालनात जेवढी उभी राहिली त्याहून जास्त मैदानात फिरली. शफी एका झाडाखाली पेटी उघडून बसला आणि दर फेरीनंतर साखळ्यांना तेल देत राहिला.

शेवटच्या दिवशी आकांक्षानं सुंदराबाईला बाजूला घेतलं. विद्यालयाला बांबूचा वर्ग सुरू करायचा होता. महिन्यातून दोनदा येऊन शिकवाल का, असं ती विचारत होती. आणि गाडी काही दिवस इथंच राहिली तर पोरांना समोर ठेवून शिकता येईल.

सुंदराबाईला वर्गाचं लगेच पटलं. गाडी ठेवून जायचं मात्र जड वाटलं. तिनं नवऱ्याला विचारलं.

पुंजाजीनं अमरावतीच्या दिशेनं पाहिलं. "येताना उतार होता," तो म्हणाला. "जाताना चढ आहे."

मग ती हसली, आणि गाडी तिथंच ठेवून तिघंही रेल्वेनं बडनेऱ्याला परत आले.

आता महिन्यातून दोन शनिवारी सुंदराबाई आणि पुंजाजी सकाळच्या आगगाडीनं अकोल्याला जातात. मधे मूर्तिजापूरला अकीला कधी डबा घेऊन फलाटावर येते, कधी स्वतःच गाडीत चढून बसते. वर्गात पोरं गोल बसतात. सुंदराबाई मधे पाय लांब करून बसते आणि प्रत्येकाच्या हाताकडे पाहते. सुरुवातीला तिला वाटायचं की हे शिकवायचं कसं, आपण तर हाताकडे पाहतही नाही. मग तिच्या लक्षात आलं की पोरांना आधी पट्टी हवी आहे.

ते काम पुंजाजीचं. तो बांबू समोर धरतो, गाठीवर कोयता ठेवतो आणि थांबतो. बांबूचा कल कुठं आहे ते पाहतो. त्याच्या भोवतीची पोरंही थांबतात. गल्लीत त्याला कोणी इतका वेळ कधी दिला नव्हता. कोयता हलकेच पडतो, फाक सरळ खालपर्यंत उतरत जाते, आणि एखादी मुलगी म्हणते, "काका, आणखी एकदा दाखवा."

"दाखवतो," पुंजाजी म्हणतो, आणि दुसरा बांबू निवडायला उठतो.